तुझ्या धाकटीनं कात्री मागितली म्हणून

सोलापूर,
सोमवार, दुपार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसता हुंकार देत होतो. "बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून उठते आणि म्हणते, मला केस कापायला शिकायचंय. आपल्या घरातली पोर लोकांची डोकी धरणार काय बे?" असं तू म्हणालास. रागाच्या भरात पलीकडं कोण ऐकतंय हे तू विसरलास. मला लागलं दत्ता. चाळीस वर्षं मी डोकीच धरतोय, आणि तुझ्या लग्नाच्या दिवशी पहाटे तुझी दाढी करायला मीच आलो होतो. पण तेव्हाच बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि पोरीचा विषय बाजूला पडला असता. आज दुकान बंद, घरात कुणी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. शेवटपर्यंत वाच.

माझ्याकडं एक जाड वही आहे, तुला कधी दाखवली नाही. दुकानात गिऱ्हाइकांसाठी पेपर आणि मासिकं येतात, त्यांत कुठं मोठ्या केशकर्तनकाराबद्दल काही छापून आलं की मी ते कापून वहीत डकवतो. आता सून मोबाइलवर वाचून दाखवते ते लिहून घेतो. सुरुवातीला मला फक्त त्यांचे कट बघायचे होते. पुढं पुढं कटापेक्षा त्या माणसांचं घर कसं होतं, आई-बाप कोण, हाताला हे वळण कुठून लागलं, हेच जास्त वाचायला लागलो.

पहिलं पान व्हिडाल ससूनचं. आडनाव तुमच्या पुण्यातल्या हॉस्पिटलवर आहे तेच, पण हा अगदी गरिबाघरचा. जन्म लंडनचा, 1928 चा. वडील घर सोडून गेले. आईला पोसणं जमेना, तेव्हा तिनं त्याला आणि धाकट्या भावाला ज्यू अनाथाश्रमात ठेवलं. आई जिवंत असून पोरं अनाथाश्रमात, आणि तिला महिन्यातून एकदाच भेटायची परवानगी. अशी काही वर्षं गेली. चौदाव्या वर्षी त्याच आईनं हाताला धरून त्याला व्हाइटचॅपल रोडवरच्या कोहेन नावाच्या केशकर्तनकाराकडं नेलं, कारण आपला मुलगा केस कापतोय असं तिच्या मनानं घेतलं होतं. शिकवणीची फी शंभर गिनी होती. एवढे पैसे कुठले? मायलेक परत निघाले. जाताना पोरानं टोपीला हात लावून नमस्कार केला आणि आईसाठी दार धरलं. ते बघून कोहेननं त्यांना माघारी बोलावलं आणि फी न घेता पोराला ठेवून घेतलं. हे पान मी किती वेळा वाचलं असेल! आमच्या धंद्यात हात नंतर तयार होतो, आधी माणसाशी वागणं बघतात. वडील मला पहिलं वर्षभर कात्रीला हात लावू देत नव्हते. गिरणीच्या गेटासमोरचं ते दुकान तुला आठवत असेल. भोंगा झाला की कामगार थेट आत, केसांत कापसाचं तूस भरलेलं. ते तूस आधी ओल्या फडक्यानं हळूच टिपायचं आणि मग कंगवा घालायचा. एक वर्ष मी फक्त तूस टिपलं.

ससूनला खरं तर वास्तुविशारद व्हायचं होतं. शिक्षण तुटलं म्हणून ते राहिलं, पण इमारतींचं वेड गेलं नाही. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेच्या सरळ, नेटक्या रेषा त्याच्या डोक्यात बसल्या होत्या. त्या काळी तिकडं बायका दर आठवड्याला जाऊन केसांना रोलर लावायच्या, फवारा मारून केस कडक करायच्या आणि पुढच्या खेपेपर्यंत डोकं जपत बसायच्या. ह्यानं 1954 साली बाँड स्ट्रीटवर दुकान टाकलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ते सगळं मोडून टाकलं. केस असा कापायचा की धुऊन मान झटकली की आपोआप जागेवर बसला पाहिजे. 1963 सालचा तो सरळ, धारदार बॉब, 1965 सालचा पाच टोकांचा कट, सगळं त्याच एका विचारातून आलं. कामाला जाणाऱ्या बाईचा रोजचा तास वाचला. दत्ता, मी इमारत कधी बांधली नाही, पण मानेवरची रेघ सरळ आली की आत काय होतं ते मला माहीत आहे.

दुसरं पान सारा ब्रीडलव्हचं. ती पुढं मॅडम सी. जे. वॉकर म्हणून ओळखली गेली. 1867 साली अमेरिकेतल्या लुइझियानात कापसाच्या मळ्यावर जन्मली. आई-वडिलांनी गुलामी भोगलेली. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा, पदरात एक मुलगी. सेंट लुइसला भाऊ न्हाव्याचा धंदा करायचे, तिकडं गेली आणि लोकांचे कपडे धुऊन दिवसाला दीड डॉलरच्या आत मिळवू लागली. त्यातच तिचे स्वतःचे केस गळायला लागले. स्वतःच्या डोक्यावर उपाय शोधता शोधता तिनं मलम बनवलं, दारोदार जाऊन विकलं, हजारो काळ्या बायकांना हे काम शिकवून स्वतःच्या पायावर उभं केलं. 1912 साली व्यापाऱ्यांच्या एका परिषदेत तिनं उभं राहून सांगितलं, की मी कापसाच्या शेतातून आले, तिथून बढती मिळाली ती कपडे धुण्याच्या टबापर्यंत, तिथून स्वयंपाकघरात, आणि तिथून पुढची बढती मी माझी मीच घेतली. आपल्या सोलापुरात कापूस आणि कष्ट कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. विड्या वळून पोरं शिकवणाऱ्या बायका आपण रोज बघतो. सारा मला त्यांच्यातलीच वाटते.

तिच्याच कंपनीत पुढं मार्जरी जॉयनर होती. चुलीवर मांस शिजताना त्यात खुपसलेल्या सळया बघून तिला केस कुरळे करायचं यंत्र सुचलं, 1928 साली पेटंट मिळालं. आणि पोलंडमधल्या सिएराड्झ गावाचा आंत्वान पॅरिसला गेला, 1909 साली जोन ऑफ आर्कच्या चित्रासारखे बाईचे केस आखूड कापून दाखवले. जगभर नाव झालं, आणि मरायला मात्र आपल्या गावी परत आला. ही दोन पानं छोटीच आहेत.

आपल्याकडचे म्हणशील तर जावेद हबीब घे. आजोबा नझीर अहमद व्हाइसरॉयच्या आणि पुढं पंडित नेहरूंच्या केसांचं बघायचे. नातू दिल्लीच्या जे.एन.यू.त फ्रेंच शिकला आणि मग लंडनला जाऊन कात्री शिकला. पदवी आणि कात्री एका घरात नांदतात, एवढंच तुला सांगायचंय. आलिम हकीमचे वडील हकीम कैरानवी मोठमोठ्या नटांचे केस कापायचे. पोरगा नऊ वर्षांचा असताना ते गेले. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यानं घरातच खुर्ची मांडली. आज पडद्यावरची निम्मी डोकी त्याच्या हाताखालून जातात असं आमच्या धंद्यात म्हणतात.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही अर्धंच.

आम्ही मूळचे भीमेकाठच्या गावातले, बलुतेदार. सोलापूरला कसे आलो, तर माझ्या आजोबांनी एके दिवशी धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, उचलली आणि गाव सोडलं. कारण वडिलांनी मला त्यांच्या शेवटच्या दिवसांत सांगितलं. एका वाड्यावरून बोलावणं आलं. आतल्या खोलीत सोळा-सतरा वर्षांची पोर बसवलेली, नवरा वारून दहा दिवस झालेले. तिचं डोकं करायचं होतं. आजोबांनी केलं, गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. पोर रडली नाही. फक्त वस्तरा कानाजवळ आला की अंग आक्रसून घ्यायची. मिळालेलं धान्य आजोबांनी घरी आणलंच नाही, वाटेत नदीत टाकलं, आणि पुढच्या आठवड्यात बायको-पोरांसह सोलापूर गाठलं. नंतर मी वाचलं, की 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांची सभा भरवली होती आणि शेकडो न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं होतं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे तेच हे लोखंडे. ती बातमी आमच्या गावापर्यंत पोचली असती तर आजोबांना निदान कळलं असतं, की असं नाही म्हणता येतं.

दोन वर्षांपूर्वी, रात्री दुकान बंद करताना पूर्व भागातलं एक जोडपं आलं. तेलुगू घरातलं, बाईचं वय पस्तिशीचं, वेणी कमरेखाली. औषधोपचार सुरू झाले होते, केस उशीवर यायला लागले होते. "गळून जायच्या आधी तुम्हीच काढा," म्हणाली. मी शटर अर्धं खाली ओढलं. वस्तरा हातात घेतला आणि मला आजोबा आठवले. हात हलेना. तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "घ्या मालक, मीच आले की." मग मी प्रत्येक वेळी विचारून पातं फिरवलं, कानाजवळ गेलो तेव्हा आधी सांगितलं. वेणी कापून नवऱ्याच्या हातात दिली, त्यानं ती रुमालात गुंडाळली. झाल्यावर तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "चल्लगा उंदि." गार वाटतंय. आरशात मात्र तिनं नंतर बराच वेळ पाहिलं.

त्या रात्री मी ट्रेव्हर सॉर्बीचं पान काढून बसलो. स्कॉटलंडमधल्या पेझलीचा, 1949 चा जन्म. बापही न्हावीच. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि बापाच्या दुकानात लागला. 1974 सालच्या त्याच्या 'वेज' कटानं नाव झालं, 2004 साली ब्रिटनचा सरकारी किताब मिळाला. सगळं मिळून झाल्यावर त्याच्या वहिनीला कॅन्सर झाला. तिच्यासाठी आणलेला केसांचा टोप त्यानं तिच्या डोक्यावर बसवून, केस कापतात तसा कापून दिला. बाजारातला टोप लगेच ओळखू येतो, कारण त्याचे केस सगळीकडं सारखेच दाट असतात. कपाळाशी विरळ केला आणि चेहऱ्याच्या ठेवणीनं कापला की तो आपला वाटायला लागतो. पुढं त्यानं ह्याच कामासाठी संस्था काढली आणि इतर केशकर्तनकारांना हे शिकवलं. 2024 च्या नोव्हेंबरात तो स्वतः कॅन्सरनंच गेला. मी टोप कापायला शिकतोय दत्ता, ह्या वयात. दोन टोप खराब केले, तिसरा त्या बाईला दिला. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत ती पोरांबरोबर भेटली, तेव्हा तिचे स्वतःचे केस बोटभर आले होते.

हे सगळं तुला का सांगतोय? गेल्या दिवाळीत तूच मला एक गोष्ट सांगितलीस, आठवते? माई सहा महिने अंथरुणावर होत्या. केसांच्या पार जटा झालेल्या, बायका कंगवा घालायला भीत होत्या. तुझ्या धाकटीनं दुपारी दार लावून घेतलं, तेल लावून दोन तास एकेक गुंता सोडवला, सुटला नाही तेवढाच कापला आणि मानेपर्यंत नीट बेतून दिला. माईंनी आरसा मागितला आणि मग कितीतरी दिवसांनी कुंकू मागितलं. हे सांगताना तुझा आवाज भरून आला होता. पंधरा दिवसांनी माई गेल्या, त्या नीट विंचरलेल्या केसांनी गेल्या. ती पोर तेव्हाच ह्या कामाला लागली. तू आत्ता फक्त नाव ऐकून बिथरलास.

आमच्या सेना महाराजांनी अभंगात ह्याच धंद्याची हत्यारं घेतली, विवेकाचा आरसा दाखवतो म्हणाले. विठ्ठलाला त्या धोकटीची लाज वाटली नाही.

मी तिला फुकट लाडानं शिकवणार नाही. बी.कॉम. पुरं करायचं, ही माझी पहिली अट, परीक्षा बाहेरून देता येत असेल तर दे म्हणावं. उन्हाळ्यात दोन महिने इकडं पाठव. पहिले पंधरा दिवस केस झाडायचे, टॉवेल उकळायचे, येणाऱ्याला पाणी द्यायचं आणि बघायचं. मग डोकं धुणं. कात्री त्यानंतर. बायकांचं पार्लर सुनेचं, ते शेजारच्याच गाळ्यात आहे, तेव्हा तिची सोबत होईल. पोर राहील आमच्याच घरी. वहिनींना सांग, खाण्यापिण्याची काळजी नको, आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी कधी संपत नाही. दोन महिन्यांनी तिला जमत नसेल तर मी स्वतः तुला तसं सांगेन, मैत्रीखातर खोटं बोलणार नाही. तिला पोचवायला तूच ये. हुतात्मा एक्स्प्रेसनं ये, स्टेशनवर मी असेन.

आणि एक. माईंचे केस तिनं घरातल्या साध्या कात्रीनं कापले म्हणालास, पण ती डावखुरी आहे हे माझ्या लक्षात आहे. उजव्या हाताच्या कात्रीनं डाव्या हाताचा अंगठा सोलून निघतो. डावखुऱ्यांची वेगळी येते, पाती उलटी बसवलेली. इथं मिळत नाही, मुंबईहून मागवावी लागते आणि यायला वेळ लागतो. तेव्हा येणार की नाही ते ह्या महिन्यातच कळव. साडेपाच इंची मागवतो, तिचा हात लहान आहे.

तुझा,
बाबू