मृगातल्या घोड्याविषयी

ग्रानादा, स्पेन
जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हॉर्सहेड नेब्युलाचे, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या त्या ढगाचे, इतके देखणे फोटो निघालेले असताना रेडिओ दुर्बिणीने त्यात आणखी काय पाहायचे राहिले, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यांपैकी व्याधाच्या बाजूच्या ताऱ्याजवळ सिग्मा ओरायनिस आहे. नुसत्या डोळ्यांना तो किरकोळ वाटतो, पण त्यातील मुख्य ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान ३०,००० अंशांच्या वर आहे. त्याच्या अतिनील किरणांमुळे आसपासचा हायड्रोजन तांबडा चमकतो आणि त्या तांबड्या पडद्यापुढे वायू व धुळीचा जो दाट ढग काळा दिसतो, तोच हा घोडा. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असून हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ साली तो काचेच्या प्लेटवर प्रथम आढळला.

म्हणजे फोटोत घोडा दिसतो तो त्याच्या मागच्या उजेडामुळे. त्याच्या पोटात काय आहे, ते धूळ दिसू देत नाही. मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र ती धूळ अडवत नाही. ढगातला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू फिरताना २.६ मिलिमीटर लांबीची लहर सोडतो, त्यामुळे फोटोतला काळा भाग आमच्या नकाशात सर्वांत उजळ येतो, आणि त्या लहरीच्या लांबीत जो किंचित फरक पडतो त्यावरून तिथला वायू कोणत्या वेगाने सरकतो आहे तेही कळते. फोटो कितीही सुंदर असला तरी हे तो सांगू शकत नाही.

खरी मौज ढगाच्या काठाशी आहे, आणि सुदैवाने तो काठ आपल्याला बाजूने दिसतो. निखाऱ्यांकडे तोंड करून उभी केलेली भाकरी त्या अंगाने करपावी आणि आतून मऊ राहावी, तसे काहीसे तिथे घडते. ताऱ्याकडच्या बाजूला कार्बनच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, थोडे आत सुटे अणू, आणि त्याहून आत, उणे २५० अंशांच्या आसपासच्या थंडीत, कार्बन मोनॉक्साइड. मात्र अतिनील किरणांत टिकू नयेत असे कार्बन-हायड्रोजनचे छोटे रेणू नेमके काठावरच भरपूर सापडतात. तीन कार्बन आणि एक हायड्रोजन असलेला धनभारित रेणू अवकाशात प्रथम याच ढगात, इथल्याच दुर्बिणीने २०१२ साली ओळखला गेला. त्यावर प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केले ते नंतर. काजळीसारख्या मोठ्या रेणूंचे किरणांनी तुकडे पडत असावेत, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते.

ही दुर्बीण पिको वेलेता या डोंगरावर सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. तिची तबकडी ३० मीटरची, म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्यांपेक्षा लहान. पण तिथे मीटरभर लांबीच्या लहरींसाठी तारांची जाळी चालून जाते, तर इथे पृष्ठभागात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचीही चूक परवडत नाही. हवेतली वाफ ही आमची मोठी वैरीण. बर्फाळ, कोरड्या दिवशी काम उत्तम होते, आणि दिवसाउजेडीसुद्धा होते, याचे आईला नवल वाटेल. मधूनमधून एखाद्या तेजस्वी क्वेसारवर, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगेच्या झगझगीत गाभ्यावर, नेम धरून दिशा तपासायची, मग पुन्हा ढगाकडे वळायचे. पडद्यावर आधी नुसती खरखर असते. नोंदी साठत जातात तशी त्यातून रेणूच्या लहरीचा एक अरुंद उंचवटा वर येतो, आणि तो आला की बाजूला ठेवलेली कॉफी निवून जाते.

सध्या तुमच्याकडे रात्री दहाच्या सुमारास मृग दक्षिणेला उंच असेल. घोडा मात्र डोळ्यांना दिसणार नाही, लहान दुर्बिणीतूनही जवळजवळ नाहीच. हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना गच्चीवर बोलावून बसेल.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
मीरा