दिगंबर, त्या कॅपसूल सुरू करू नकोस

फोंडा, गोवा

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहामुळे लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून अ जीवनसत्त्वाच्या कॅपसूल आणून ठेवल्यास, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. अ जीवनसत्त्वाने मूत्रपिंड सुधारतं असं तुला सांगणाऱ्याने अगदीच हवेतलं सांगितलेलं नाही, म्हणून तर जास्त काळजी वाटते.

अ जीवनसत्त्वापासून शरीर रेटिनोइक आम्ल तयार करतं. कुठली जनुकं चालू राहतील, कुठली बंद, यावर त्याचा ताबा चालतो. मूत्रपिंडाच्या गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. बारीक रक्तवाहिन्यांभोवती त्या बोटांसारखे फाटे एकमेकांत गुंफतात, आणि त्यांच्या फटींतून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं. वर्षानुवर्षं शुगर चढलेली राहिली की हे फाटे चपटे होतात, काही पेशी सुटून लघवीत वाहून जातात. गेलेल्यांची जागा सहसा भरून येत नाही. तिथूनच अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, गळायला लागतं. मधुमेही केलेल्या उंदरांना रेटिनोइक आम्ल दिलं तेव्हा ही गळती कमी झाली, दाहही उतरला. लॅबमध्ये जन्म काढलेल्या मला हे वाचताना फार बरं वाटलं.

पण उंदरांवरून माणसाच्या औषधापर्यंतची वाट अजून सरलेली नाही. रक्ताच्या एका कर्करोगात हेच आम्ल शांघायच्या डॉक्टरांनी 1980च्या दशकात वापरून दाखवलं, आज ते त्या कर्करोगावरचं मुख्य औषध आहे. मात्र त्याने ट्रायग्लिसराइड वाढतात, डोकं दुखतं, गर्भात व्यंग येतं. हे आम्ल पेशीतल्या ज्या प्रथिनांना चिकटून काम करतं त्यांना ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात; म्हणून त्यातल्या एकाच प्रकाराला, आल्फाला, चिकटणारे रेणू संशोधक शोधताहेत.

तुझ्या बाटलीतलं रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वच, ही वेगळीच गोष्ट. त्याला रक्तातून वाहून नेणारं प्रथिन निरोगी मूत्रपिंड मोडून टाकतं. मूत्रपिंड थकलं की ते साठतं, रेटिनॉलही चढतं. वरून कॅपसूल घेतल्यास यकृताला आणि हाडांना त्रास होऊ शकतो. मूत्रपिंडाचे डॉक्टर अशा रुग्णाला हे पूरक सहसा देतच नाहीत.

2023मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. आपल्या प्रत्येक वाड्यावर तुझ्यासारखे कितीतरी असतील रे.

तेव्हा एवढं कर. सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर तपासणी (अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर) आणि रक्तातलं क्रिएटिनिन करून घे. एसीआर 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या खाली असावा; 300च्या वर गेला तर थांबायचं नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना गाठ आणि लोसार्टान, डापाग्लिफ्लोझिन ही औषधं तुला चालतील का ते विचार. पहिल्याचा उपयोग 2001मध्ये, दुसऱ्याचा 2020मध्ये माणसांवरच सिद्ध झाला आहे. गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नकोस. पापड, लोणचं, खारवलेलं सुकं नुस्तं कमी कर. चवथीला वहिनींना मी स्वतः सांगेन.

रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोटो पाठव. बाटलीचं सील फोडू नकोस, फार्मसीवाला परत घेतो का बघ.

तुझा,
वासुदेव