पंचवटीतल्या त्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, नाशिकरोडला खिडकीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला, घामेजलेला पोरगा म्हणजे मी. तुम्ही समोर, गळ्यात कंपनीचं कार्ड, शेजारी तुमची पत्त्यांची मंडळी.

दिंडोरीत द्राक्षबाग असलेल्या एका गृहस्थांना ठाण्यात मातीची ओल मोजणारं यंत्र दाखवायचं होतं. ऑक्टोबर छाटणीच्या आत ते बागेत बसलं पाहिजे, अशी त्यांची अट. आणि माझ्या आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल्डचं (कोडमधून यंत्रासाठी प्रोग्राम बनवायचं) बटण दाबलं की एकच उत्तर: एव्हीआर-जीसीसी, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर, सापडत नाही. टर्मिनलमध्ये, जिथे कमांड हाताने टाइप करतात तिथे, तीच कमांड बिनबोभाट व्हर्जन सांगत होती. कंपायलर मी तीनदा काढून पुन्हा टाकला होता. चौथ्यांदा टाकणार, तेवढ्यात तुम्ही पत्ते पालथे ठेवून म्हणालात, "अरे, आयडीई कधीपासून उघडी आहे?"

चार दिवस. मी लॅपटॉप बंद करतच नाही, नुसतं झाकण लावतो.

तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाहीत. "तुला काय दिसतंय ते सोड, तिला काय दिसतंय ते विचार," म्हणालात आणि बिल्डच्या कमांडच्या जागी नुसता पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी, छापायला लावलात. मग तेच टर्मिनलमध्ये. दोन्ही लांबलचक ओळी एकाखाली एक ठेवल्या. टर्मिनलच्या ओळीत शेवटी कंपायलरचा 'बिन' नावाचा फोल्डर होता, आयडीईच्या ओळीत नव्हता. प्रोग्राम सुरू होताना पाथची जी नक्कल घेतो, तीच शेवटपर्यंत वापरतो. तुमच्या भाषेत, "घरातून निघताना खिशात टाकलेली सामानाची यादी. मागून बायकोने फ्रिजवर नवी चिकटवली तरी खिशातली कशी बदलेल?" टर्मिनल मी नंतर उघडलेला, म्हणून त्याच्याकडे नवी यादी. (मंडळींपैकी एकाने यावर स्वतःच्या बायकोचा जो किस्सा सांगितला, तो इथे लिहीत नाही.)

आयडीई बंद करून पुन्हा उघडली. कंपायलर सापडला, पण लगेच नवीन एरर. मी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र खूश! "चूक बदलली म्हणजे गाडी हलली."

या वेळी फाइलच्या रस्त्यात नुसती प्रश्नचिन्हं आली होती. मी ती दोनदा वाचली आणि सोडून दिली. तुम्ही बोटाने मोजलीत. दहा. "फोल्डरचं नाव काय ठेवलंयस?" द्राक्षबाग. मला ती चार अक्षरं वाटत होती. तुम्ही तिकिटाच्या मागे फोड करून दाखवलीत: द, हलंत, र, काना, क, हलंत, ष, ब, काना, ग. बरोब्बर दहा! विंडोजवरच्या त्या जुन्या वळणाच्या कंपायलरला देवनागरी नाव पोचतच नव्हतं, प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह हातात पडत होतं. नाव रोमन लिपीत केलं, मध्ये स्पेसही ठेवू दिली नाहीत, बिल्डची कामं चालवणारं 'मेक' त्यावरही अडतं म्हणालात. खरं सांगतो, मराठी नाव बदलताना जरा जिवावर आलं. कोड माझा, बाग नाशिकची, आणि नाव मात्र चालत नाही!

इगतपुरी यायच्या आत बिल्ड झाला. कसाऱ्याच्या बोगद्यांत मी यंत्रात प्रोग्राम चढवत होतो आणि तुम्ही पुन्हा पत्त्यांत. ठाण्याला गर्दीत नीट आभारही मानता आले नाहीत.

यंत्र आता दिंडोरीत वेलींच्या मुळाशी बसलंय. ते तिकीट माझ्या पाकिटात आहे. महिन्यातून एकदा तरी पंचवटीने जाणं होतं, दर वेळी तुमचा डबा शोधतो, गर्दीत चुकामूक होते. तुमच्या पत्त्यांच्या मंडळींपैकी कुणी हे वाचलं, तर काकांना एवढं सांगा, फेब्रुवारीत माल उतरला की एक पेटी घेऊन चढणार आहे. समोरची खिडकी धरून ठेवा.

आपला,
नाशिकरोडचा झाकण लावणारा