चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शहर सोडून गावी परतलेल्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मोकळी हवा, ताजी भाजी, निवांतपणा. असेल. मी अडीच वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून चिपळूणला आईपाशी आले, तर पहिले सहा महिने या निवांतपणानेच वैताग आणला. भर दुपारी दुकानं बंद. साधी सुई आणायला गेलं तरी आधी ‘कोणाची गो तू?’, मग सुई. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, त्याला आधीच ठाऊक!

याची सवय झाली. माझी मलाच झाली नाही.

पावसाळ्यात रात्री दोनदा उठून वाशिष्ठी नदीचं पाणी बघून यायची बाबांना खोड होती. आले की चपला झटकायच्या आणि कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आम्ही भावंडं नक्कल करून हसायचो. जून लागला की तांदळाचा डबा, कागदपत्रं, आईचं शिलाई मशीन, सगळं पोटमाळ्यावर. २६ जुलै २००५च्या पुरात त्यामुळेच बरंच वाचलं. २२ जुलै २०२१च्या पुरात बाबा नव्हते, मशीन कोणी वर चढवलं नाही. चिखलातून उकरून काढलं, त्याचं चाक अजून करकरतं.

गेल्या आषाढात रात्री दीडला मी टॉर्च घेऊन पाणी बघून आले. अंथरुणातूनच आईने विचारलं, ‘किती आहे?’ बाबांना विचारायची त्याच सुरात. मी चपला झटकत म्हटलं, ‘अजून दम आहे.’ हे वाक्य माझं नव्हे. दोघीही थोडा वेळ गप्प होतो.

आता मुद्द्याचं. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की दाभोळ खाडीकडे पाणी उतरत नाही, त्यात कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडी धरणातून याच नदीत येतं. मोबाइलवर सगळं कळतं म्हणतात. कळतं, वीज आणि रेंज असेल तर. २०२१ला दोन्ही गेली होती. तेव्हा जून ते सप्टेंबर आपल्या रत्नागिरी आवृत्तीत पहिल्या पानावर रोजच्या भरतीच्या वेळा छापाव्यात, ही विनंती. दोन ओळींची जागा पुरेल. जाहिरातीखाली नकोत, सापडत नाहीत.

बाबा दर मे महिन्यात आपल्याला हेच लिहायचे. त्यांच्या पत्रांच्या कार्बन प्रती मला पोटमाळ्यावर मिळाल्या. जाहिरातीबद्दलचं वाक्य त्यांचंच आहे, तसंच ठेवलंय.

आपली,
एक वाचक, चिपळूण