बोर्ड चालला, पण पावसाळ्याचं काय?

संपादकसाहेब,
स. न. वि. वि.

शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांचे फोटो पेपरात येतात, बघून बरं वाटतं. टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर, मोटारीचा टायमर, आणि पोरांनी घरीच फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे नको असलेलं तांबं खाऊन टाकणाऱ्या रसायनात, बुडवून केलेले सर्किट बोर्ड. पण फोटोत तांबं कसं चकचकीत उघडं दिसतं, आणि असला बोर्ड आमच्या खानापूर-जांबोटीकडच्या एका तरी धो-धो पावसाळ्यात टिकेल काय हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की एलईडी लागला म्हणजे काम अर्धंच झालं, बोर्ड धुतलेला आणि वरून कोटिंग, म्हणजे ओल अडवणारा पातळ थर, दिलेला नसेल तर त्याला पूर्ण मार्क देऊ नयेत.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलची दुरुस्ती करतो, त्यामुळे मेलेले बोर्ड रोजच हातात येतात. लोकांना वाटतं तांबं काळं पडलं म्हणून बोर्ड गेला. तसं नसतंय हो. खरा घात करतं ते सोल्डर करताना वापरलेलं, मागं राहिलेलं फ्लक्स आणि नीट न धुतलेलं फेरिक क्लोराइड. त्यावर ओल बसली आणि वरून डीसी सप्लाय चालूच असला की ट्रॅकच्या, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, कडेला हिरवट बुरा धरतो, तांबं कुरतडलं जातं, कधी कधी तर धातूचे बारीक धागे वाढून शेजारचे दोन ट्रॅकच जोडले जातात. टाकीच्या लेव्हल कंट्रोलरात तर 1 मेगाओमसारखे मोठे रेझिस्टर असतात, त्यांतून करंट मुळातच अगदी थोडा जातो, म्हणून तिथं ओल्या घाणीतून झिरपणारा थोडासा करंटसुद्धा पुरतो, मग टाकी कोरडी ठणठणीत असली तरी सर्किट म्हणतं भरलीय, मोटार काही सुरू होत नाही, आणि घरवाले सेन्सर बदलत बसतात. लोखंड ओतायच्या फाउंड्रीजवळ असेल तर बघायलाच नको, त्या काळ्या धुळीत कोळसा नि लोखंड दोन्ही, म्हणजे ओल नसतानाही करंटला वाट तयार.

आता करायचं काय, तर आधी धुवायचं. फेरिक क्लोराइडमधून बोर्ड काढल्यावर (एचिंग झाल्यावर) भरपूर पाणी, मग खायच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी. सोल्डरिंगनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, पांढरा थर राहिला तर परत घासायचं. मग बोर्ड पूर्ण वाळवायचा, पावसाळ्यात बल्बखाली ठेवून का होईना, कारण ओल आत ठेवून वरून लॅकर मारला तर आगीतून फुफाट्यात. स्वस्तातला तपकिरी कागदी बोर्ड ओल जास्त पितो, बाहेर लावायच्या कामाला काचेच्या धाग्यांचा ग्लास इपॉक्सी बोर्डच घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कोटिंगला ॲक्रिलिक कन्फॉर्मल स्प्रे (बोर्डासाठीच मिळणारा लॅकरचा फवारा) सगळ्यात सोपा, एकच जाड थर न देता दोन-तीन पातळ हात मारायचे, पुढं पार्ट बदलायचा झाला तर सॉल्व्हंटनं निघतो नाहीतर त्यावरूनच सोल्डर करता येतं. कनेक्टर, प्रीसेट (फिरवून सेटिंग करायचा रेझिस्टर), उघडा रिले (करंटनं चालणारा स्विच), ह्युमिडिटी सेन्सर यांच्यावर आधी मास्किंग टेप लावायची, हे विसरलं तर बोर्ड सुरक्षित पण बंद! नेलपॉलिश 5 व्होल्टच्या छोट्या बोर्डावर चालून जातं, पण ते पेटणारं असतं, मेनवर म्हणजे घरच्या 230 व्होल्ट लायनीवर नको. इपॉक्सीत पूर्ण ओतलेला बोर्ड पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण बिघडला की सरळ फेकायचा, दुरुस्तीवाल्याच्या नावानं बोटं मोडू नका. आणि बाथरूमचा व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर चुकूनही लावू नका, तो सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतो आणि तेच तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर (सुकताना ॲसिड न सोडणारा) लिहिलेला मागा, दुकानदार सगळं एकच आहे म्हणेल, ऐकू नका.

एक मात्र ठासून सांगतो, 230 व्होल्टवर कोटिंग म्हणजे शॉकपासून बचाव नव्हे. मेनचे ट्रॅक आणि लो व्होल्टेजची बाजू यांच्यात मी 8 मिमी अंतर ठेवतो, जागा कमी असेल तर मधे बोर्डालाच खाच पाडतो, आणि वरून बंद डबा असतोच. शेतातल्या डब्यात वायरी खालूनच घ्याव्यात, बाहेर थोडा झोल द्यावा म्हणजे पाणी तिथंच टपकतं, आणि भोकांना ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारी बुचं) बसवावेत, नाहीतर मुंग्या आणि पाली आत जाऊन सगळ्या कोटिंगवर पाणी फिरवतात.

परीक्षकांना एक सुचवतो. बॅटरीवर चालणारा प्रोजेक्ट असेल तर चालू बोर्डावर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचे चार फवारे मारून बघायला काय हरकत आहे? पोरांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. मेनवाल्यावर मात्र हा प्रयोग नको.

आपला,
एक वाचक, बेळगाव