विरंगुळा केंद्राची परसबाग ग्रामपंचायतीच्या आराखड्यात हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रामागे जी मोकळी जागा आहे, तेथे ज्येष्ठांनीच परसबाग उभी केली आहे. आता त्या जागेत गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवून ‘सुशोभीकरण’ करण्याचे घाटत आहे. असे प्रकार इतर गावांतही होत असतील, म्हणून हे पत्र.

गावोगावची विरंगुळा केंद्रे नावाला सर्व ज्येष्ठांची असली, तरी प्रत्यक्षात तेथे एक कॅरम बोर्ड, एक बंद पडलेला टीव्ही आणि दुपारभर पत्ते कुटणारी पुरुष मंडळी एवढेच दिसते. साठी ओलांडलेल्या बायका तिकडे फिरकत नाहीत. सून निंदणाला गेली की नातवंडे त्यांनाच सांभाळायची असतात आणि पुरुषांच्या बैठकीत जाऊन बसायचे तरी कशाला, असे त्या विचारतात. वाफे तयार झाल्यावर मात्र त्या आल्या, कारण बी त्यांच्याकडे होते. वाल, दोडके, कोहळे यांचे गावरान बी राखेत घोळवून मडक्यात ठेवण्याची रीत त्यांनी अजून सोडलेली नाही. मृगाचा पाऊस पडताच कोणते बी टोचायचे आणि कोणते आर्द्रापर्यंत थांबवायचे, यावरून तेथे जो वाद रंगतो त्यापुढे पत्त्यांचा डाव फिका पडतो. आमची जमीन काळी आणि भारी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. म्हणून वाफे वीतभर उंच घ्यावेत, हेही त्यांनीच सुचवले. गुडघ्यांमुळे ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी कमरेएवढ्या विटांच्या कट्ट्यावर माती भरून सांबार (कोथिंबीर), पालक आणि मेथी लावली आहे. खताला बाहेर जावे लागत नाही. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत आमच्या जिल्ह्याचीच आहे; दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर दिले, की साधारण तीन-चार महिन्यांत खत हाती येते.

भाजी निघते, त्यातली काही अंगणवाडीलाही जाते, हे चांगलेच आहे. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते ग्रामसभेत घडले. बागेसाठी नळाची तोटी मागायला म्हणून या बायका ग्रामसभेला आल्या आणि आल्यावर तोटीपाशी थांबल्या नाहीत. दवाखान्याच्या वाटेवर दिवा का नाही आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला तालुक्यालाच का जावे लागते, हेही त्यांनी उभे राहून विचारले. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी आहे, तरीही ती होत नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून मोजक्या लोकांत ठराव उरकायचे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. ज्येष्ठ मंडळी वेळेवर येऊन बसली, तर ही पळवाट आपोआप बंद होते. कदाचित बाग काहींच्या डोळ्यांत सलते ती याचमुळे.

झाडोऱ्यात साप निघतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. मात्र गवत वेळच्या वेळी काढणे आणि विटांचे ढीग न ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, सगळी जमीन झाकून टाकणे नव्हे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गट्टूंवर कोणता ज्येष्ठ नागरिक विरंगुळ्याला बसणार आहे, हेही कोणी तरी सांगावे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या बागेत शेवगा आणि कढीपत्ता यांखेरीज फारसे काही तग धरत नाही, हे मान्यच आहे. तेव्हा पिण्याचे पाणी बागेला मागणे योग्यही नाही. परंतु हातपंपाशेजारी वाहून जाणारे पाणी चर खोदून वाफ्यांकडे वळवता येते. पंधराव्या वित्त आयोगाने बंधित निधीच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायच्या निधीच्या, कामांत सांडपाण्याचा पुनर्वापर आणि पावसाचे पाणी साठवणे यांचा समावेश केला होता. म्हणजे अशा कामाला शासन दरबारी जागा आहे, फक्त ते गावाच्या विकास आराखड्यात लिहिले गेले पाहिजे.

आमची मागणी मोठी नाही. विरंगुळा केंद्रालगतची जागा परसबागेसाठी राखून ठेवल्याचा ठराव व्हावा, पाण्याचा चर आणि तारेचे कुंपण यांची नोंद आराखड्यात घ्यावी, आणि केंद्राच्या देखरेख समितीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात. गट्टूंच्या कामाचे अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे, एवढी अपेक्षाही गैर नसावी. हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यावा, असा लेखी अर्ज आम्ही ग्रामपंचायतीकडे दिला असून त्याची पोच घेतली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
जि. यवतमाळ