पूर नसतानाही रिपीटरवर बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांची बातमी पेपरात कधी येते, तर पूर आला, भूकंप झाला, मोबाइलचे टॉवर बंद पडले की. तुमच्याही पेपरात येते, चांगली येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे लोकांचा समज असा झालाय की हे लोक कुठेतरी तयारच बसलेले असतात, आपत्ती आली की रेडिओ चालू करतात आणि काम होतं. मी एका हौशी रेडिओ क्लबची सेक्रेटरी आहे आणि तसं नसतं हे मला मनापासून सांगायचंय. त्या दिवशी जे चालतं ते आधीच्या साध्या दिवसांत कोणीतरी चालू ठेवलेलं असतं म्हणून चालतं, आणि सध्या आमचे साधे दिवसच ओस पडलेत.

आमच्या रिपीटरचंच घ्या. हातातला ५ वॅटचा सेट इमारतींच्या आणि टेकड्यांच्या पलीकडे फारसा पोचत नाही, म्हणून उंचावर रिपीटर ठेवतात, तो एका फ्रिक्वेन्सीवर आपलं ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने ते पुढे पाठवतो. २ मीटर बँडवर, म्हणजे हौशी लोकांच्या एका फ्रिक्वेन्सी पट्ट्यात, या दोन फ्रिक्वेन्सीत बहुतेक ठिकाणी फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं आणि अँटेना एकच, त्यामुळे मध्ये डुप्लेक्सर, म्हणजे ऐकायचं आणि पाठवायचं वेगळं ठेवणारा फिल्टर, नसेल तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. हे डुप्लेक्सरचे उंच डबे नीट ट्यून केलेले लागतात, बॅटरी बघावी लागते, चार्जर बघावा लागतो. मध्यंतरी आमची रेंज हळूहळू कमी होत गेली आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण कोणी बोलतच नव्हतं. शेवटी एक जुने सभासद मीटर घेऊन वर गेले तर एसडब्ल्यूआर ३ च्या वर (पाठवलेली ताकद अँटेनातून न जाता किती परत येते त्याचं हे माप, ते १ च्या जवळ हवं). अँटेनाजवळच्या कनेक्टरची टेप उकललेली, आत थेंबभर पाणी, आणि केबल सोलली तर तांब्याची जाळी हातभर आतपर्यंत काळी पडलेली. तेवढा तुकडा कापला, नवा कनेक्टर लावला, त्यावर रबरी टेप ताणून गुंडाळली, झालं काम. पण हे संकटाच्या रात्री कळलं असतं तर?

दुसरी गोष्ट नेटची. नेट म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी रिपीटरवर यायचं, एकजण नेट कंट्रोल असतो, तो आधी कोणाचा तातडीचा निरोप आहे का विचारतो आणि मग एकेकाची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, घेत हजेरी लावतो. ऐकणाऱ्याला हे भयंकर कंटाळवाणं वाटतं, आमच्यातल्याच काहींनाही वाटतं. पण माझ्या मते क्लबचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, फील्ड डे (मैदानात स्टेशन लावायचा दिवस) आणि प्रदर्शनं त्याच्या नंतर. कारण कोणाचा सिग्नल कुठून पोचतो, कोण तुटक येतो, कोणाची बॅटरी दहा मिनिटांत बसते, हे सगळं नेटवरच कळतं. एखादं स्टेशन कंट्रोलला ऐकूच येत नाही पण तिसऱ्याला येतं, मग तो मध्ये पडून त्याचा निरोप रिले करतो, आणि ही सवय कागदावर वाचून लागत नाही.

निरोप देण्याचंही तसंच. औषधाचं नाव ए साठी आल्फा, बी साठी ब्राव्हो असं करत एकेक अक्षर सांगायचं, आकडे सुटे सुटे बोलायचे, निरोपात शब्द किती ते आधी सांगायचं म्हणजे घेणाऱ्याला मोजून कळतं की काही गळलं का, आणि शेवटी त्याने पूर्ण वाचून दाखवायचं. नवीन मंडळी पहिल्यांदा हे करतात तेव्हा हमखास घाई करतात, बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतात आणि पहिला शब्द खाल्ला जातो. दोन-तीन नेटनंतर आपोआप सुधारतात. शांत वेळी चुकायला जागा असते, ती पाहिजेच.

२००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा अंदमानात पोर्ट ब्लेअरला हॅम मंडळी आधीपासूनच होती, ती आपत्तीसाठी गेलेली नव्हती, बेटांवरून जगभरच्या हौशी लोकांशी संपर्क करायला गेली होती. बाकी दळणवळण कोलमडलं आणि त्यांची स्टेशनं मात्र लावलेली, तपासलेली, चालू होती, म्हणून तिथून निरोप बाहेर जाऊ शकले. नुसती हौस म्हणून लावलेली स्टेशनं होती ती, हे लोक विसरतात.

हौस म्हणजे टाइमपास असंही नाही. हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय व्याख्याच स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क आणि तांत्रिक शोध, तेही पैशाच्या फायद्याशिवाय, अशी आहे. हौशी लोकांनी बांधलेला ऑस्कर-१ हा उपग्रह १९६१ सालीच अवकाशात गेला होता, पहिल्या स्पुटनिकनंतर फक्त चार वर्षांनी! आजही अवकाश स्थानकातून हौशी रेडिओवर बोलतात, १४५.८०० मेगाहर्ट्झवर, आणि स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा जेमतेम दहा मिनिटं मिळतात. आम्ही मुलांना हातात धरायची यागी अँटेना (जिकडे रोखाल त्याच दिशेचं नीट ऐकणारी) देऊन हे ऐकायला लावतो, स्थानक सरकतं तशी अँटेना फिरवत राहायची, थोडं चुकलं की आवाज खरखरीत बुडतो. एक मुलगी नंतर येऊन विचारत होती की जवळ येताना फ्रिक्वेन्सी थोडी वर आणि लांब जाताना खाली का सरकली, म्हणजे डॉप्लर परिणाम तिने पुस्तक न उघडता पकडला होता.

तीच यागी आम्ही फॉक्स हंटला वापरतो, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर दिशा घेत घेत शोधायचा. खेळ वाटतो, पण मागे रिपीटर सारखा अडकून पडत होता, कोणाचा तरी सिग्नल थांबतच नव्हता, टायमर त्याला तोडायचा आणि पुन्हा तेच, तेव्हा याच फॉक्स हंटवाल्या पोरांनी दिशा काढत जाऊन शोधलं, तर गाडीच्या सीटखाली माइक दबलेला होता आणि गाडीवाल्याला पत्ताच नव्हता.

आता एवढं सगळं असून अडचण काय, तर माणसं. वर्गणी लोक देतात, त्याची ओरड नाही. पण खजिनदार व्हायला कोणी तयार नाही, रिपीटरच्या कमिटीवर कोणी नाही, नेट कंट्रोल म्हणून तीच तीच माणसं आळीपाळीने बसतात आणि त्यातले काही आता थकलेत. परवाना काढून, सेट घेऊन, तो कपाटात ठेवणारे आमच्याच यादीत कितीतरी आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, काही सांगायचं नसलं तरी या, कॉल साइन सांगा, सिग्नल रिपोर्ट घ्या आणि सेव्हंटी थ्री, म्हणजे आमच्या भाषेत शुभेच्छा, म्हणून जा, एक मिनिट लागतं. ज्यांच्या शेजारी हॅमवाला राहतो त्यांनाही सांगते, गच्चीवरच्या अँटेनामुळे टीव्हीत खरखर येते असं वाटलं तर भांडण्याआधी क्लबला सांगा, आम्ही येऊन तपासतो, फिल्टर किंवा वायरवर बसवायच्या फेराइट रिंगने बऱ्याचदा प्रश्न सुटतो, आणि पुष्कळ वेळा दोष घरातल्याच एखाद्या स्वस्त एलईडी दिव्याचा किंवा चार्जरचा निघतो.

आणि तुम्हाला एक मागणं. तुमच्याकडे स्थानिक कार्यक्रमांचा कॉलम आहे, त्यात आमच्या साप्ताहिक नेटची एक ओळ दर आठवड्याला छापाल का? क्लबच्या स्टेशनवर बाहेरच्या माणसांनी येऊन बसलेलं, ऐकलेलं आम्हाला चालतं, परवाना नसला तरी. वेळ, फ्रिक्वेन्सी आणि जागा मी तुमच्या ऑफिसात वेगळी लिहून पाठवते.

आपली,
क्लबची सेक्रेटरी आणि तुमची नियमित वाचक